निवडणुकीवर मत मांडण्याआधी हे कागद उघडून बघा

उत्तरपेटी

निवडणूक कुठलीही असो, गप्पांमध्ये दोन वाद हमखास पेटतात. अमुक उमेदवाराची संपत्ती पाच वर्षांत इतकी पट कशी झाली, हा एक. आणि मतदानाचा आकडा संध्याकाळनंतर इतका कसा चढला, हा दुसरा. प्रत्येकाला मत असावंच. पण ज्या कागदांवर ते मत उभं राहायला हवं त्यातले बहुतेक कागद सार्वजनिक आहेत, फुकट आहेत आणि बरेचसे मराठीतही आहेत. तरी वाद घातला जातो तो टीव्हीच्या खालच्या पट्टीवरून. म्हणून हा धागा. ज्यांना या कागदांची माहिती आहे त्यांनी भर घालावी, चुकलं तिथे दुरुस्त करावं.

सुरुवात नमुना २६ पासून. उमेदवारी अर्जासोबत जोडायचं शपथपत्र ते हेच. २००२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या माहितीची दारं उघडली. निवडणूक आयोगाच्या शपथपत्रांच्या पोर्टलवर निवडणूक, राज्य, मतदारसंघ निवडला की उमेदवारांची यादी येते आणि प्रत्येकाच्या नावापुढे स्कॅन केलेली प्रत असते. मायनेतासारख्या संकेतस्थळांवर त्याचा गोषवारा मिळतो, तो सोयीचा आहे, पण वाद घालायचा असेल तर स्कॅन प्रतच उघडावी.

बातमीत येणारा संपत्तीचा आकडा बहुधा उमेदवार, जोडीदार, अवलंबित आणि हिंदू एकत्र कुटुंब या सगळ्यांची बेरीज असते. शपथपत्रात मात्र हे रकाने वेगवेगळे आहेत. तिथूनच वाचायला लागा.

समजा मागच्या शपथपत्रात एकूण २ कोटी होते आणि आता ५ कोटी आहेत. मथळा येणार : 'संपत्ती अडीच पट'. दोन्ही शपथपत्रं शेजारी ठेवली तर दिसतं की जमीन तीच आहे, आधी तिचा बाजारभाव १ कोटी २० लाख लिहिला होता, आता ३ कोटी २० लाख. म्हणजे तीनपैकी दोन कोटींची वाढ ही निव्वळ भाववाढ. उरली बाकीच्या मालमत्तेतली १ कोटीची वाढ : ठेवी, शेअर्स, सोनं, नवीन फ्लॅट. आता त्याच शपथपत्रातला पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणपत्रांमधल्या उत्पन्नाचा तक्ता बघा. पती-पत्नीचं मिळून पाच वर्षांचं उत्पन्न ६० लाख आणि देण्यांमध्ये नवीन कर्ज ५० लाख असेल, तर वाढ समजण्यासारखी आहे. कर्ज शून्य आणि पाच वर्षांचं उत्पन्न १८ लाख असेल, तर प्रश्न विचारायची जागा ती. 'अडीच पट' हा प्रश्नच नाही, 'या एका कोटीचा मार्ग कोणता' हा प्रश्न आहे. आणि तो नेमका विचारला तर उमेदवाराला टाळता येत नाही.

रकाना कोरा सोडायला परवानगी नाही. 'निरंक' किंवा 'लागू नाही' असं लिहावंच लागतं. २०१३ च्या निकालानुसार, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने सांगूनही रकाना कोरा ठेवला तर अर्ज बाद होऊ शकतो. खोटी माहिती दिली किंवा दडवली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२५ अ लागतं : सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. शिक्षा तोकडी आहे, हे माझं स्पष्ट मत.

---

गटवारी

उत्तम धागा. जमिनीच्या तक्त्याबद्दल भर घालतो, कारण ग्रामीण मतदारसंघात खरी संपत्ती तिथेच असते.

शेतजमिनीच्या रकान्यात गाव, गट किंवा सर्व्हे नंबर, क्षेत्र, वडिलोपार्जित आहे का, विकत घेतली असेल तर तारीख आणि खरेदी किंमत, आणि आजची अंदाजे किंमत एवढं लिहावं लागतं. गट नंबर मिळाला की महाभूलेखवर जिल्हा, तालुका, गाव निवडून सातबारा बघता येतो. तिथे लोक गोंधळतात ते क्षेत्राच्या एककात. शपथपत्रात क्षेत्र एकरात असतं, सातबाऱ्यावर हेक्टर-आर मध्ये. १ हेक्टर म्हणजे २.४७ एकर, १ एकर म्हणजे ४० गुंठे. सातबाऱ्यावर १.२० दिसलं तर ते १ हेक्टर २० आर, म्हणजे साधारण ३ एकर. ते सव्वा एकर समजून 'उमेदवाराने जमीन फुगवून दाखवली' असा आरोप करू नका.

दुसरी अडचण सामाईक खात्याची. सातबाऱ्यावर पाच भावांची नावं असतील आणि हिस्से वेगळे दाखवलेले नसतील, तर उमेदवार आपला पाचवा हिस्सा लिहितो. पूर्ण गटाचं क्षेत्र आणि शपथपत्रातलं क्षेत्र जुळणारच नाही. आधी फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी, बघा.

किमतीसाठी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर वार्षिक बाजारमूल्य दर तक्ते आहेत, ज्याला आपण रेडी रेकनर म्हणतो. शपथपत्रातली 'आजची किंमत' रेडी रेकनरपेक्षाही कमी असेल तर ती कशी काढली हे विचारण्यासारखं आहे. रेडी रेकनरपेक्षा जास्त असेल तर त्यात वावगं काही नाही, प्रत्यक्ष व्यवहार बहुधा चढ्या भावाने होतात. शहरालगतच्या गावात बिनशेती झालेली जमीन शेतजमिनीच्या रकान्यात बसवलेली असते, हे मात्र आवर्जून तपासा.

---

नवमतदार

संपत्तीचं समजलं. गुन्ह्यांचं काय? 'अमुक पक्षाचे इतके टक्के उमेदवार गुन्हेगार' असं सर्रास येतं. माझ्या मते आंदोलनातले गुन्हे आणि खुनाचा प्रयत्न एकाच टोपलीत टाकणं अन्यायाचं आहे. ते वेगळे करायचे कसे?

---

उत्तरपेटी

@नवमतदार, अगदी बरोबर. शपथपत्रात प्रलंबित प्रकरणांच्या तक्त्यात गुन्हा रजिस्टर क्रमांक, पोलीस ठाणे, न्यायालय आणि खटला क्रमांक, कलमं, थोडक्यात वर्णन, आणि आरोप निश्चित झाले आहेत का, एवढं असतं. आरोप निश्चिती झाली असेल तर न्यायाधीशाने प्रथमदर्शनी कागद पाहून खटला चालवण्यासारखा आहे असं ठरवलेलं असतं. नुसता एफआयआर असेल तर ती फक्त तक्रारीची नोंद.

कलमं वाचताना लक्षात ठेवा की १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्याआधीच्या गुन्ह्यांना जुन्या भारतीय दंड संहितेचीच कलमं राहतात, त्यामुळे एकाच शपथपत्रात दोन्ही दिसतील. जमावबंदी किंवा आदेशभंगाचं जुनं १८८ म्हणजे नवं २२३. सरकारी नोकरावर हल्ला किंवा अटकाव, जुनं ३५३, नवं १३२. फसवणुकीचं ४२० आता ३१८(४). १८८ बहुतेक प्रत्येक आंदोलकावर असतं. ३५३ मध्ये आंदोलनातली झटापट आणि खरा हल्ला असे दोन्ही प्रकार येतात, म्हणून तिथे वर्णनाचा रकाना वाचल्याशिवाय मत बनवू नये. ४२० आणि त्याच्याबरोबर बनावट दस्तऐवजाची कलमं असतील तर ते आंदोलन नव्हे.

शिक्षा झालेल्यांसाठी वेगळा तक्ता आहे. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८(३) नुसार अपात्रता येते, आणि सुटकेनंतरही सहा वर्षं राहते. अपील केलं म्हणून आमदारकी-खासदारकी टिकण्याची सोय २०१३ च्या निकालाने गेली.

---

मुद्रितशोधक

याला जोडून. गुन्हे प्रलंबित असलेल्या उमेदवाराला माघारीची मुदत संपल्यापासून प्रचार संपेपर्यंत वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर तीन वेळा जाहिरात द्यावी लागते. माघारीनंतरच्या पहिल्या चार दिवसांत एकदा, मग पाचव्या ते आठव्या दिवसात, मग नवव्यापासून शेवटपर्यंत. पक्षालाही ते आपल्या संकेतस्थळावर टाकावं लागतं, आणि फेब्रुवारी २०२० पासून 'स्वच्छ उमेदवार का मिळाला नाही' याची कारणंही द्यावी लागतात. 'निवडून येण्याची क्षमता' एवढंच कारण न्यायालयाने मान्य केलेलं नाही.

प्रत्यक्षात या जाहिराती आतल्या पानावर बारीक टाइपात येतात. त्या कापून ठेवा. पक्षांनी दिलेली कारणं एकामागोमाग वाचली की दिसतं : 'समाजकार्यात सक्रिय, लोकप्रिय, गुन्हे राजकीय हेतूने दाखल'. उमेदवार बदलतो, वाक्य तेच राहतं. न्यायालयाचा आदेश असा गुंडाळला जातो याबद्दल संपादकीयं यायला हवीत, येत नाहीत.

---

सरासरी

दुसऱ्या वादाकडे वळते. महाराष्ट्र विधानसभा, २० नोव्हेंबर २०२४. संध्याकाळी ५ चा आकडा ५८.२२ टक्के, अंतिम आकडा ६६.०५ टक्के. फरक ७.८३ टक्के-बिंदूंचा. मतदार साधारण ९ कोटी ७० लाख, म्हणजे सुमारे ७६ लाख मतं. 'रात्रीतून ७६ लाख मतं' हा मथळा इथून आला.

गणित मांडू. मतदान सकाळी ७ ला सुरू झालं. पाचपर्यंत १० तास. ५८.२२ भागिले १०, तासाला सरासरी ५.८. मतदानाची वेळ सहापर्यंत होती. त्याच वेगाने पाच ते सहा या तासात आणखी ५.८ टक्के-बिंदू येतात, एकूण ६४. सहा वाजता रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला चिठ्ठी देऊन मतदान करू द्यावंच लागतं. उरलेले दोन बिंदू ती रांग आणि उशिरा कळवलेली केंद्रं यांतून येऊ शकतात. राज्यात मतदान केंद्रं सुमारे एक लाख. ७६ लाख भागिले एक लाख, म्हणजे केंद्रामागे सरासरी ७६ मतं.

दिवसभरातले आकडे केंद्रांवरून कळवले जातात आणि एकत्र करून वर चढवले जातात. ते प्रवृत्ती दाखवण्यासाठी असतात, कायदेशीर हिशोब नव्हेत. त्यामुळे ५ चा आकडा आणि अंतिम आकडा यांची वजाबाकी करून 'वाढलेली मतं' काढणं मुळात चुकीचं.

---

मतदान_प्रतिनिधी

@सरासरी, गणित पटलं, निष्कर्ष अर्धाच पटला. सरासरी ७६ म्हणजे प्रत्येक केंद्रावर ७६ असं नव्हे. काही केंद्रांवर ३०० आणि काहींवर १० असतील तर सरासरी गप्प बसते. ते तपासायचा कागद एकच, नमुना १७ सी.

मतदान संपलं की केंद्राध्यक्ष कंट्रोल युनिटचं (मतदान यंत्राच्या मतं साठवणाऱ्या भागाचं) 'क्लोज' बटण दाबतात, मग 'टोटल' बघून १७ सी भरतात. त्यात कंट्रोल युनिटचा अनुक्रमांक, सीलचे क्रमांक, केंद्रावरचे मतदार, १७ ए नोंदवहीनुसार आलेले मतदार, सही करूनही मत न देता परतलेले, मत देऊ न दिलेले, आणि यंत्रात नोंदलेली एकूण मतं असतात. १७ ए मधली संख्या वजा न दिलेली मतं बरोबर यंत्रातली मतं, हे जुळलंच पाहिजे. नियम ४९ एस नुसार हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला याची साक्षांकित प्रत द्यावी लागते. 'हजर असलेल्या' हा शब्द महत्त्वाचा. दुपारी चारला जेवायला गेलेला आणि न परतलेला प्रतिनिधी पक्षाचा पुरावा घालवून बसतो. निकालानंतर आरडाओरडा करणाऱ्या पक्षांनी आधी सांगावं, आपल्याकडे किती केंद्रांच्या १७ सी आहेत.

न जुळण्याचं नेहमीचं कारण सांगतो. मतदानाआधी किमान ५० मतांचं मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, होतं. त्यानंतर क्लोज, रिझल्ट, क्लिअर हा क्रम पाळायचा असतो आणि व्हीव्हीपॅटमधल्या (मताची छापील चिठ्ठी दाखवणाऱ्या यंत्रातल्या) चिठ्ठ्या काढायच्या असतात. 'क्लिअर' राहिलं की यंत्रात मॉक पोलची तेवढी मतं जास्त दिसतात. अशी यंत्रं मोजणीत बाजूला ठेवतात आणि विजयाचं अंतर त्या यंत्रांतल्या मतांपेक्षा कमी असेल तर व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजतात.

आता माझा आक्षेप. हा कागद उमेदवारांच्या प्रतिनिधींना मिळतो, मतदाराला नाही. सगळ्या १७ सी स्कॅन करून संकेतस्थळावर टाकाव्यात ही मागणी मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आली होती, न्यायालयाने अंतरिम आदेश द्यायला नकार दिला. दुसऱ्याच दिवशी आयोगाने पहिल्या पाच टप्प्यांचे मतदानाचे निव्वळ आकडे जाहीर केले. म्हणजे आकडे तयार असतात. मग केंद्रवार का नाही? डिसेंबर २०२४ मध्ये नियम ९३ बदलून सीसीटीव्हीसारख्या इलेक्ट्रॉनिक नोंदी नागरिकाला तपासायला मिळण्याची वाटही बंद केली. शंका घेणाऱ्याला दोष देण्याआधी हे दोन निर्णय बघा.

---

सरासरी

१७ सी सार्वजनिक व्हाव्यात, याला माझा पूर्ण पाठिंबा. माझं म्हणणं एवढंच की ७६ लाखांचा आकडा हा पुरावा नाही. पुरावा एखाद्या केंद्राची १७ सी आणि नमुना २० यांतल्या तफावतीत असेल, आणि ज्याच्याकडे दोन्ही आहेत त्याने केंद्र क्रमांकासह ती मांडावी.

---

नवमतदार

नमुना २० काय असतो?

---

उत्तरपेटी

अंतिम निकालपत्रक. डावीकडे मतदान केंद्र क्रमांक, वर उमेदवार, शेवटी नोटा आणि एकूण. टपाली मतं तळाला वेगळ्या ओळीत. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर निकालानंतर काही काळाने पीडीएफ येतात. 'अमुक समाजाने अमुक पक्षाला मत दिलं' असं छातीठोक सांगणाऱ्यांनी हे पत्रक उघडून दाखवावं. केंद्र शाळेच्या खोलीचं असतं, वस्ती मिश्र असते, त्यामुळे अंदाजच निघतो, पण निदान तो खऱ्या आकड्यांवरचा असतो.

मागच्या निवडणुकीशी तुलना करताना केंद्र क्रमांकावर विसंबू नका. केंद्रांची फेररचना होते, क्रमांक सरकतात, १४२ नंबरचं केंद्र पुढच्या वेळी १४९ होतं. मतदार यादीच्या पहिल्या पानावर त्या भागातल्या गल्ल्या-वस्त्यांची नावं असतात, ती जुळवून मग मतं शेजारी मांडा. लोकसभेचं नमुना २० विधानसभा क्षेत्रवार असतं, त्यामुळे २०२४ च्या लोकसभा आणि विधानसभा अशी तुलना त्यातल्या त्यात सोपी जाते.

टपाली मतांकडे दुर्लक्ष करू नका. २०२४ ला मुंबई उत्तर पश्चिमचा निकाल ४८ मतांनी लागला. विजयाचं अंतर बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल तर त्या बाद मतांची फेरपडताळणी करावीच लागते.

---

चौकट

एक्झिट पोलबद्दल कोणी लिहील का? २०२४ च्या लोकसभेला बहुतेकांनी एनडीएला ३५० च्या वर नेलं, प्रत्यक्षात २९३. एवढी मोठी चूक होते कुठे?

---

सरासरी

दोन ठिकाणी. पहिली नमुन्याची. राज्यात ३०,००० लोकांना विचारलं हे ऐकायला भरघोस वाटतं. विधानसभेच्या २८८ जागांवर भागलं की जागेमागे १०४ लोक. १०४ च्या नमुन्यात चुकीची मर्यादा अधिक-उणे साडेनऊ टक्क्यांच्या आसपास, तीही नमुना निव्वळ यादृच्छिक असेल तर. चुरशीची जागा दोन-तीन टक्क्यांवर फिरते. त्यामुळे जागानिहाय यादी दाखवणाऱ्या वाहिनीवर अजिबात विश्वास ठेवू नये.

दुसरी, आणि मोठी, मतांवरून जागा काढण्याची. महाराष्ट्रात २०२४ च्या लोकसभेला दोन्ही आघाड्यांच्या मतांत दोन टक्क्यांहून कमी अंतर होतं, जागा मात्र ३० आणि १७. मतांचा अंदाज एखाद्या टक्क्याने सरकला तरी जागांचा डोलारा कोसळतो. शिवाय सत्ताधाऱ्यांविरुद्ध मत दिलेला माणूस केंद्राबाहेर अनोळखी मुलाला खरं सांगेलच असं नाही, आणि हा कल प्रत्येक राज्यात वेगळा. म्हणून जागा सोडा, मतांची टक्केवारी, नमुन्याचा आकार आणि प्रश्न समोरासमोर विचारले की फोनवर, हे तीन बघा. हे तीन न सांगणारा पोल बंद करा.

टक्का आणि टक्के-बिंदू यांतही गल्लत होते. ४० वरून ४४ म्हणजे ४ बिंदू, पण १० टक्के वाढ. पक्ष वाढ सांगताना दुसरा आकडा वापरतात, घट सांगताना पहिला.

---

मुद्रितशोधक

प्रचारपत्रकांबद्दल थोडक्यात. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७ अ नुसार प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच. मतदानाच्या आदल्या रात्री दाराखालून सरकवलेल्या निनावी पत्रकावर तो नसतो. अशा पत्रकाचा फोटो पुढे पाठवू नका, मूळ प्रत जपून ठेवा आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे लेखी द्या. बातमीच्या वेषातली जाहिरात वाटली तर जिल्हा माध्यम प्रमाणन व सनियंत्रण समितीकडे कात्रणासह तक्रार करता येते. एकाच दिवशी दोन वर्तमानपत्रांत शब्दन् शब्द सारखा मजकूर, वेगवेगळ्या बातमीदारांच्या नावाने, हा सगळ्यात भक्कम पुरावा.

---

नवमतदार

शेवटचा प्रश्न. समजा १७ सी आणि नमुना २० मध्ये खरंच तफावत सापडली. पुढे काय?

---

मतदान_प्रतिनिधी

घड्याळ लगेच सुरू होतं. यंत्राच्या मायक्रोकंट्रोलरची, म्हणजे आतल्या चिपची, तपासणी हवी असेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने निकालानंतर ७ दिवसांत लेखी अर्ज द्यायचा, विधानसभा क्षेत्रामागे ५ टक्के यंत्रांपर्यंत. खर्च अर्जदाराचा, छेडछाड सिद्ध झाली तर परत मिळतो. ही सोय २६ एप्रिल २०२४ च्या निकालातली. निवडणूक याचिका उच्च न्यायालयात, ४५ दिवसांत. ती उमेदवार करू शकतो आणि त्या मतदारसंघातला मतदारही करू शकतो, हे फार जणांना माहीत नसतं. मतदान केंद्राचं चित्रीकरणही आता याचिका दाखल नसेल तर ४५ दिवसांनंतर नष्ट करायच्या सूचना आहेत. त्यामुळे तफावत सापडली की आधी दोन्ही कागदांच्या साक्षांकित प्रती काढा, केंद्र क्रमांक आणि कंट्रोल युनिटचा अनुक्रमांक अर्जात लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.